चूल एक, दुकानं तीन

भांड्यांच्या दुकानात जागा वाचवायची तर गंजात गंज बसवून ठेवतात. मोठ्यात मधला, मधल्यात धाकटा, धाकट्यात गडवा. मग गिऱ्हाइकानं धाकटा मागितला की सगळी उतरंड खणखणत खाली येते. आमच्या घरच्या गोष्टींचं तसंच आहे. देवळातून येताना बायका म्हणतात, "थोरल्या काकू, ते इस्टोचं सांगा नं." मी सांगायला बसते इस्टोचं, आणि हाताला लागतं भलतंच. चालायचंच. मी चौथी शिकलेली बाई, मला क्रम लावता येत नाही. पण खोटं सांगत नाही, आणि कोणाची भीड ठेवत नाही.

आमचं दुकान कारंज्याचं. आजेसासऱ्यांच्या वेळेस पितळ आणि तांबं, बस्स. पहिली लढाई संपल्यावर मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मुंबईहून विलायती माल आणायला सुरुवात केली. त्यातही त्यांना स्वीडन देशाच्या मालाचं वेड. स्टोव्ह, कंदील, चाकू, इनॅमलची ताटं. स्वीडन कुठं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. पण म्हणायचे, "जिथं असन तिथं असो, त्या लोकाइच्या हातात इमान हाय."

माल खपायला लागला. मामाजी जेवताना म्हणाले, "कामरगावले एक दुकान काढतो. मंग वाशीमले."

सासूबाई वाढत होत्या. पळी वरणात ठेवली आणि म्हणाल्या, "दुकानं किती बी काढा. चूल एकच राहीन."

त्याचं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या माहेरी भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, आणि भांड्यांसोबत आईचीही वाटणी झाली. काही महिने या घरी, काही महिने त्या घरी. म्हातारी बाई गाठोडं काखेत घेऊन गल्ली ओलांडायची आणि दारात उभी राहून विचारायची, "येऊ का?" सासूबाईंनी ते पाहिलं होतं.

मामाजी लगेच "हो" म्हणाले. दुकान निघायचंच होतं अजून. नसलेल्या दुकानासाठी हो म्हणायला माणसाचं काय जातं?

०

मामाजींचा एक नेम होता. नवा माल आला की पहिला नग घरात यायचा. आम्ही बायकांनी तो वापरायचा, आपटायचा, जाळायचा. आम्ही "बरा हाय" म्हटल्याशिवाय दुकानात मांडायचा नाही. "जे माह्या घरात नांदलं नाही, ते मी लोकाइच्या घरात कसं देऊ?"

इनॅमलचं पहिलं ताट आलं. पांढरं शुभ्र, मधोमध गुलाबाचं फूल. मामाजींनी ते असं धरलं होतं की जणू नातू झाला. सासूबाईंनी ते सरळ भांडेवाल्या सखूबाईच्या हातात दिलं. सखूबाईचा हात म्हणजे वीटकर आणि राख. तिनं महिनाभर घासलं आणि एक दिवस ताट पालथं-सुलटं करून म्हणाली, "बाई, फूल गेलं."

मामाजींचा चेहरा उतरला. "मंग आता?"

सासूबाई म्हणाल्या, "मंग काय? ताट हाय नं? फूल कोणाले खायाचं हाय? ठिवा दुकानात."

मी तेव्हा नवी होते. मला तपासायला सासूबाईंना महिन्याहून बराच जास्त वेळ लागला, आणि "ठिवा" असं त्या अजून म्हणाल्या नाहीत.

०

कंदिलाची गंमत वेगळी. आम्ही जैन. दिवस बुडायच्या आत आमची जेवणं आटोपलेली असतात. आणि दुकानात साऱ्या पंचक्रोशीला कंदील विकायचे. एकदा सासूबाई दुकानाच्या आतल्या दारात बसल्या होत्या. एका शेतकऱ्यानं कंदील वर-खाली करून पाहिला आणि त्यांना विचारलं, "काकू, याच्या उजेडात ताटातलं नीट दिसते का?"

"मले काय मालूम? मी कवा जेवली?"

मामाजींनी कपाळाला हात लावला. पण तो शेतकरी म्हणाला, "बुढी खरं बोलते," आणि कंदील घेऊन गेला.

०

आता इस्टो. स्टोव्ह म्हणायचं, पण आमच्याकडे कोणी म्हणत नाही.

पहिला इस्टो आला तो पेटीतल्या भुशात झोपून. पितळेचा, चकचकीत, तीन पायांचा. पेटवला की असा गरजायचा की शेजारी विचारायला आले, घरात भांडण चालू आहे का. सासूबाईंनी त्याला स्वयंपाकघरात पाय टाकू दिला नाही. "मले चुलीसमोर माह्या मनातलं ऐकू येते. याच्यासमोर काय ऐकू येईन?" म्हणून त्याची परीक्षा ओसरीवर झाली, आणि ती घेतली मी.

दुकानात मांडल्यावर कळलं की पुरुषांपैकी एकालाही तो पेटवता येत नाही. आमच्या यांनी पंप मारमार मारला आणि मिशीचा डावा भाग गमावला. मधले दीर नेमीसा लांबूनच काडी फेकायचे, जशी काही सापाला काठी. गिऱ्हाइक हसून परत जायचं. शेवटी मामाजी आत आले, भिंतीकडे पाहत म्हणाले, "थोरलीले म्हणा, बाहेर यावं लागते."

सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर न ढळू देता मी दुकानात उभी राहिले, पिन टाकली, पंप मारला, निळी ज्योत आली. बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर माणसं थांबली. बाई दुकानात उभी, हे पाहायला थांबली की इस्टो पाहायला, देव जाणे.

एक पागोटेवाला आगाऊ म्हातारा म्हणाला, "शेटजी, इस्टोसंगं बाई बी भेटते का?"

मी म्हटलं, "बुढेबावा, बाई तुमच्या घरी हाय नं? तिले घेऊन या, मी शिकवतो. आन् तुमाले पाह्यजे असन तर तुमाले बी शिकवतो. मिशी घरी ठेवून या."

पुढच्या बाजाराला तो खरंच बायकोला घेऊन आला. ती एका झटक्यात शिकली. म्हाताऱ्याला मात्र तिनं हातही लावू दिला नाही.

त्या दिवसापासून मी दुकानात उभी राहते. कोणी मला बोलावलं नव्हतं असं आज म्हणणारे आहेत. त्यांनी मिशी आठवावी.

०

कामरगावचं दुकान निघालं आणि धाकटे दीर पदम तिकडे गेले. तेव्हा लग्न व्हायचं होतं त्यांचं. चूल तर एकच, म्हणून डबा कारंज्याहून जायचा, सर्व्हिस मोटारीनं. मोटारवाला रहमानभाई माणूस सोन्यासारखा, पण गाडी भरल्याशिवाय हलवायचा नाही. डबा पोचायचा तेव्हा दिवस बुडत आलेला. पदमभाऊजी हात-पाय धुऊन डबा उघडायचे, आणि सूर्य खाली. मग डबा तसाच बंद करून शेजारच्या शिंप्याला. पदमभाऊजी वाळत चालले आणि शिंप्याला स्वतःचाच सदरा उसवावा लागला.

हे सासूबाईंच्या कानावर आलं. कोणी म्हटलं, तिथं एक लहानशी चूल घालू. सासूबाईंनी त्या माणसाकडे असं पाहिलं की तो पाणी प्यायला उठून गेला.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः डबा घेऊन मोटारीच्या अड्ड्यावर. मी मागे.

"रहमानभाई, गाडी सोडा. पोरगं उपाशी राह्यते."

"काकी, सवारी भरे बगैर कैसे छोडूं?"

सासूबाई पदर खोचून गाडीत चढल्या आणि मधल्या बाकावर बसल्या. "हे पाहा, भरली. सोडा आता."

रहमानभाईनं माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. गाडी सुटली. पदमभाऊजी ऊन असताना जेवले, आई समोर बसली होती, आणि शिंपी दारातून डोकावून निराश झाला.

पुढं अड्ड्यावर तोच कायदा झाला. प्रवासी ओरडले की रहमानभाई म्हणायचा, "डबा आ गया? आ गया. तो फिर चलो." कामरगावची माणसं म्हणायची, आपली मोटार घड्याळावर नाही चालत, कारंज्याच्या काकूच्या वरणावर चालते.

०

वाशीमचं दुकान म्हणजे खरी परीक्षा. तिथं नेमीभाऊजी गेले. वाशीम काही डब्याच्या अंतरावर नाही. ते तिथं एका जैन श्रावकाच्या घरी जेवायचे, आणि मधली, म्हणजे माझी जाऊ, इकडे माझ्या हाताखाली पोळ्या लाटायची आणि लाटता लाटता दाराकडे पाहायची. पोळ्या कोणत्या देशाच्या नकाशासारख्या व्हायच्या ते मी सांगत नाही.

नेमीभाऊजी मुळातच हुशार. एकदा घरी आले आणि सगळे जेवायला बसल्यावर बोलले, "मामला असा हाय, बाबा. वाशीमचा माल रेल्वेनं सीधा वाशीमले उतरते. तुमचा नेम हाय का घरात नांदल्याबिगर मांडाचं नाही. मी तो माल मोटारीत टाकून कारंज्याले आणतो, आई अन् वहिनी तपासते, मंग तो परत वाशीमले जाते. रस्त्याच्या धक्क्यानं निम्म्या ताटाइचे टवके उडते. तपासता तपासताच माल जुना होते."

"मंग?" मामाजी म्हणाले.

"मंग तपासाले तिथं चूल पाह्यजे."

एक नेम मामाजींचा, एक सासूबाईंचा, आणि दोन्ही समोरासमोर उभे. मामाजी बिचारे आपल्या ताटातल्या भाताकडे पाहू लागले, जसा काही तोच निकाल देणार.

सासूबाईंनी सगळ्यांना वाढणं पुरं केलं. मग म्हणाल्या, "इस्टो घेऊन जा."

"आई, मंग तेच झालं नं? चूल काय अन् इस्टो काय."

"इस्टो काहून चूल होईन? त्याले सारवता येते का? त्याच्या राखेनं भांडं निघते का? पिन टाकली तं पेटते, नाही तं रुसून बसते. ते यंत्र हाय. मधलीले घेऊन जा, यंत्र घेऊन जा. चूल एकच हाय."

मामाजींनी मान खाली घालून हसू लपवलं. मधली उठली, आत गेली आणि गाठोडं घेऊन बाहेर आली. सकाळीच बांधून ठेवलं होतं तिनं. अशी ही मधली, आणि लोक मला तिखट म्हणतात.

०

तिन्ही दुकानं चालू लागली आणि एक दिवस खुद्द स्वीडनचा साहेब कारंज्याला आला. मुंबईतल्या कंपनीचा माणूस. मूर्तिजापूरच्या लहान गाडीतून उतरला तेव्हा त्याचा शर्ट इंजिनाच्या धुरानं काळा आणि चेहरा लाल. गोरा साहेब म्हटल्यावर अर्धं गाव मागे. पाटील कोट घालून सलाम करायला आला. साहेबानं शाळामास्तरांच्या मार्फत सांगितलं, "मी सरकारचा नाही. दुकानदार आहे." ते ऐकल्यावर गर्दी निम्मी झाली आणि पाटलानं कोट काढला.

मामाजींनी त्याला दुकान दाखवलं, घर दाखवलं, ओसरीवर परीक्षा देत असलेली कढईसुद्धा दाखवली. जेवायला बसवलं, अर्थात दिवस असताना. सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "मास्तर, इचारा त्याले, त्याच्या देशात दिवस कवा बुडते."

साहेब म्हणाला, उन्हाळ्यात आमच्याकडे दिवस बुडतो न बुडतो. आणि थंडीत दिवस उगवतो न उगवतो.

सासूबाई काळजीत पडल्या. "अग बाई. मंग थंडीत जेवते कवा?"

मास्तरांनी भाषांतर केलं. साहेब घास हातात धरून विचार करत राहिला. हा प्रश्न त्याला साऱ्या हिंदुस्थानात कोणी विचारला नसेल.

मग मामाजींनी छाती काढून सांगितलं, आमची तीन दुकानं, तीन मुलं. साहेब खुलला. म्हणाला, आमचंही घरचंच दुकान आहे. आजोबांचं एक होतं, बंदराच्या गावात. वडिलांनी वाढवलं. आता गावोगावी आहेत आणि एकेक भाऊ एकेका गावी राहतो. मामाजींनी माझ्या यांच्याकडे पाहिलं, म्हणजे ऐक.

दाराआडून आवाज आला, "अन् आई कोणाजोळ राह्यते?"

साहेब म्हणाला, वडील वारले. आई जुन्या घरी राहते. एकटी.

"जेवते कोणासंगं?"

मास्तरांनी विचारलं. साहेबानं सांगितलं, एक मांजर आहे.

साहेब निघाला तेव्हा सासूबाईंनी लिंबाच्या लोणच्याची बरणी, तोंडाला फडकं बांधून, मास्तरांच्या हाती दिली. "त्याच्या आईसाठी हाय म्हणा. रस्त्यानं खाऊन टाकशीन, म्हणा, तं मले समजते."

आम्ही स्टेशनावर पोचवायला गेलो. आमच्या मालाची ऑर्डर त्यानं वरच्या फळीवर ठेवली होती. लोणचं मांडीवर.

०

मग मामाजी गेले. आणि मागोमाग ही दुसरी लढाई लागली.

जहाजं बंद, विलायती माल बंद. दुकानातली मांडणी अशी रिकामी झाली की बोललं तर आपलाच आवाज परत यायचा. आम्ही पुन्हा पितळेवर आलो. ते एक वेळ चाललं. पण राकेल मिळेनासं झालं, आणि वाशीमचा इस्टो थंड पडला.

नेमीभाऊजी आले. गाल बसलेले. विचारलं तर म्हणे, "चालून राह्यलं." मुलं कशी आहेत? "चालून राह्यली." मी खोदून विचारलं तेव्हा निघालं की मधली लेकरांना कधी शेजारणीच्या चुलीवर दूध तापवून देते, कधी फुटाणे भिजवून. शेजारीण आता तोंड वाकडं करते. आणि हा मोठा माणूस आईसमोर चुलीचं नाव काढायला घाबरतो. माझे हे खांबाला टेकून गप्प. पदमभाऊजी नखं पाहत गप्प. पुरुषांना गप्प बसायची फार सुंदर सवय असते.

मी म्हटलं, "सासूबाई, तुमचे लेक बोलत नाही, मी बोलतो. वाशीमले चूल घाला लागते. नाही तं दुकान बंद करून मधलीले घरी आणा. लेकरं उपाशी ठेवून चूल एक ठेवाची असन, तं अशा चुलीवर मी उद्यापासून रांधत नाही."

यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी त्यांची दुसरी मिशी जाळली.

सासूबाई बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. जेवायची वेळ झाली, जेवल्या नाहीत. दिवस बुडाला, म्हणजे आता उद्यापर्यंत नाहीच. मी पाण्याचा गडवा नेऊन ठेवला. तोही तसाच. वाटलं, आपण फार बोललो. पण शब्द परत घेणं मला जमत नाही, आणि तेव्हाही घेतला नाही.

सकाळी उठून त्या नेमीभाऊजींना म्हणाल्या, "मले वाशीमले ने. थोरले, तू बी चाल."

वाशीमला पोचल्यावर त्यांनी माती मागवली. दोनदा चाळली, बारीक जीव मरू नये म्हणून. छपराच्या कवेलूचे तुकडे, भुसा, शेण. मधली मदतीला वाकली तर तिला बाजूला सारलं. सगळी चूल स्वतःच्या हातानं घातली. वय झालेलं, कंबर धरायची, भिंतीला हात लावून उभ्या राहायच्या, पुन्हा बसायच्या. मी पाहत होते. वाटत होतं, ही बाई स्वतःच्या हातानं स्वतःची वाटणी करून राहिली आहे. मधली पदराआड रडत होती. मी तिला म्हटलं, "रडू नको, माती ओली राहीन."

चूल वाळेपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. वाळली, सारवली, हळद-कुंकू वाहिलं, दूध उतू घातलं. पहिली भाकर सासूबाईंनी स्वतः थापली. लेकरं अशी जेवली की मला पाहवेना. सासूबाईही जेवल्या, सगळ्यांत शेवटी, चुलीच्या बाजूला बसून.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली. "चला सासूबाई, मोटार सुटन."

"तू जा."

"अन् तुमी?"

"मी कुठं येऊ? चूल इथं हाय."

मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला. "मंग मी कारंज्याले ज्याच्यावर रांधतो, ते काय हाय?"

त्यांनी जरा विचार केला. "ते शेगडी समज सध्या."

"शेगडी? नवरी होऊन आली तवापासून डोळे फोडले मी तिच्यासमोर, अन् शेगडी?"

"ओरडू नको, लेकरू निजलं हाय. मले वाटन तवा मी कारंज्याले येईन, मंग ते चूल अन् हे शेगडी. पदमच्या इथं गेली तं तिथं. कोणाले इचारत नाही मी. चूल एकच हाय, थोरले. जा आता, मोटार चुकन."

मी मोटारीत बसले. रस्ताभर भांडायचे शब्द जुळवत आले आणि कारंजा येईपर्यंत एकही उरला नाही.

घरी पोचले तेव्हा दिवस अजून वर होता. हे दुकानातून उठून लगबगीनं आले. माझ्या मागं पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आई कुठं हाय?"

मी म्हटलं, "चुलीजोळ."

हे स्वयंपाकघरात जाऊन पाहून आले.